पोरगी खोटा डोळा फिरवत बसते, हा कोणता प्रोजेक्ट?

प्रश्न: आमची पोरगी अमरावतीले इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाले आहे. नजर कुठं चालली ते ओळखणाऱ्या चष्म्याचा प्रोजेक्ट म्हणे, पण घरी आली की लॅपटॉपवर खोटा डोळाच फिरवत बसते, चष्मा त काही दिसला नाही अजून. काहून असं? मास्तर मार्क देतीन का याले?
— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर: देतीन काकाजी, टेन्शन नका घेऊ. अशा चष्म्याच्या फ्रेममध्ये बारके इन्फ्रारेड एलईडी (डोळ्याले न दिसणारा उजेड टाकणारे दिवे) अन फोटोडायोड (उजेड मोजणारे सेन्सर) बसवतात, डोळ्याचा पांढरा भाग अन मधली बाहुली सारखा उजेड परत फेकत नाही, म्हणून डोळा फिरला की डायोडवरचा उजेड कमी-जास्त होते अन त्यावरून नजर काढता येते. कॅमेऱ्यानंही जमते, पण तो बॅटरी लई खाते.

आता डायोड किती, नाकाकडं का कानाकडं, तिरपे किती, हे पाहाले दरवेळी नवी फ्रेम बनवली त तुमचा खिसा रिकामा होईन. त्यापेक्षा ब्लेंडरसारख्या थ्रीडी चित्रं बनवायच्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये २४ मिलिमीटरचा डोळा बनवायचा, पापण्या लावायच्या अन कोणत्या जागी किती उजेड पोचते ते मोजायचं. खऱ्या माणसाले ‘ठिपक्याकडं पाहा’ म्हटलं त तो तिथंच पाहून राहिला का कोणाले माहीत, इथं डोळा १० अंश फिरवला म्हणजे १० अंशच. अन घामानं चष्मा नाकावरून जरासा घसरला तरी रीडिंग बदलते, डोळा जागेवर असूनही नजर हलली असं वाटते, या सेन्सरचं मोठं दुखणं तेच. लॅपटॉपवर फ्रेम मुद्दाम घसरवून पाहता येते.

पण तिले विचारा, ऊन धरलं का हिशोबात? उन्हात इन्फ्रारेड भरपूर, अन आपल्याकडं मे महिन्यात माणूस डोळे बारीक करूनच चालते, मंग डायोडले डोळ्याऐवजी पापणीच दिसन. दुसरं म्हणजे बुबुळाचा रंग साध्या फोटोवरून घेऊ नको म्हणा. आपले गडद तपकिरी डोळे इन्फ्रारेडमध्ये बरेच उजळ दिसतात, आधारच्या वेळी बुबुळ स्कॅन करतात तेही याच उजेडात.

शेवटी दोन-चार खऱ्या डोळ्यांवर तपासणी लागनच, परीक्षक तेच विचारते. तेव्हा एक साधी फ्रेम अन थोडे डायोड घेऊन द्या. फक्त एलईडीचा करंट गाईडले विचारूनच ठरवाले सांगा, इन्फ्रारेड दिसत नाही म्हणून जास्त झाला तरी डोळा आपोआप मिटत नाही.