वाचकांचे प्रश्न : सुरुंग निघाले, नांगर कधी घालायचा?

प्रश्न : गेल्या हिवाळ्यात कंबोडियाच्या बट्टमबांग प्रांतात फिरताना टॅपिओकाच्या शेताला लागूनच कवटीचे चित्र असलेला लाल फलक दिसला आणि त्याच्या पलीकडे काही माणसे गुडघ्यांवर बसून माती खरवडत होती. तिथले युद्ध संपून पाव शतक उलटले. सुरुंग अजून जिवंत कसे, आणि मोठी यंत्रे फिरवून ते एकदाचे काढून का टाकत नाहीत?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : भूसुरुंग गंजून निकामी होतो ही समजूत जुन्या लोखंडी सुरुंगांपुरती थोडीफार खरी असली, तरी कंबोडियात पेरलेले बरेचसे सुरुंग प्लास्टिकच्या आवरणाचे आहेत. चिनी बनावटीचा ‘टाइप 72’ किंवा सोव्हिएत बनावटीचा ‘पीएमएन-2’ ओल्या मातीत अनेक दशके जशाच्या तसा राहतो आणि अगदी थोड्या दाबानेही फुटू शकतो, म्हणजे लहान मुलाचा पायही त्याला पुरतो. 1980 च्या दशकात व्हिएतनामच्या पाठिंब्यावर चालणाऱ्या सरकारने ख्मेर रूजला, म्हणजे 1979 मध्ये सत्तेवरून हटवलेल्या कट्टर कम्युनिस्ट गटाला, रोखण्यासाठी थायलंडच्या सीमेलगत शेकडो किलोमीटर लांबीचा ‘के-5’ हा सुरुंगपट्टा उभारला. पुढे त्यात सर्वच पक्षांनी भर घातली, नकाशे मात्र फारसे कोणी ठेवले नाहीत. 1998 मध्ये ख्मेर रूजची उरलीसुरली फौज शरण आली, तेव्हा नेमके कुठे काय पुरले आहे हे सांगणारी माणसेही पुष्कळशी मेली किंवा पांगली होती.

यंत्रे वापरली जातात, पण मुख्यतः बांबू आणि झुडपे तोडून जागा मोकळी करण्यासाठी व पहिली चाचपणी करण्यासाठी. साखळ्यांनी जमीन झोडपणारे यंत्र प्रत्येक सुरुंग फोडेलच असे नाही. काही नुसतेच तुटतात, काही बाजूला ढकलले जातात आणि चढउताराच्या जागी यंत्र पोहोचतच नाही. म्हणून शेवटी माणूस लागतो. साधारण मीटरभर रुंदीची पट्टी दोऱ्यांनी आखून घ्यायची, गवत कात्रीने कापायचे, धातुशोधक फिरवायचा आणि तो वाजला की त्या जागी बाजूने, तिरप्या कोनात, थोडी थोडी माती काढत जायचे. शोधक खिळ्यालाही वाजतो, काडतुसाच्या पुंगळीलाही वाजतो, आणि जिथे लढाई झाली तिथे अशा भंगाराला तोटा नसतो. काम रेंगाळते ते सुरुंगांपेक्षा या भंगारापायी. टांझानियात शिकवून तयार केलेले आफ्रिकी थैलीउंदीर इथे उपयोगी पडतात, कारण ते धातू हुंगत नाहीत, स्फोटक हुंगतात, आणि त्यांच्या वजनाने सुरुंग फुटत नाही. माणसाला धातुशोधक घेऊन चार दिवस लागू शकतील अशी टेनिस कोर्टएवढी जागा उंदीर अर्ध्या तासात तपासतो. रोनिन नावाच्या उंदराने 2021 ते 2025 या काळात प्रेआ विहिअर प्रांतात 109 सुरुंग शोधून विश्वविक्रम केला. त्याचे कौतुक जरूर व्हावे, परंतु उंदीर जागा दाखवतो, सुरुंग काढायचा माणसालाच असतो.

प्रश्न : आपल्या देशात शेतजमिनीत सुरुंग पेरले गेले होते का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : होय. डिसेंबर 2001 मध्ये संसदेवरील हल्ल्यानंतर ‘ऑपरेशन पराक्रम’ ही पाकिस्तान सीमेवरची लष्करी जमवाजमव सुरू झाली, तेव्हा पंजाब, राजस्थान व जम्मूच्या सीमेलगत वहितीच्या जमिनींतही लष्कराने सुरुंग पेरले आणि पुढे ते काढण्याचे काम बराच काळ चालले. त्यात जवान आणि शेतकरी दोघेही जखमी झाले, पिके बुडाली, भरपाईचे वाद झाले. कंबोडियाशी तुलना करताना एक फरक मात्र ध्यानात ठेवावा : इथे पेरणारे सैन्यच काढणारे होते आणि कुठे काय पेरले याची नोंद त्याच्याकडे होती. 1997 च्या सुरुंगबंदी करारावर भारताने सही केलेली नाही.

प्रश्न : सुरुंग काढून झाल्यावर शेतकऱ्याला लगेच नांगरणी करता येते का? स्फोटकांचे विष पिकात उतरत नाही का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आधी विषाचे पाहू. माणसासाठी पेरलेल्या सुरुंगात स्फोटक ग्रॅममध्ये मोजण्याइतके असते, त्यामुळे सुरुंग काढलेल्या शेतात हा मुख्य धोका ठरत नाही. दारूगोळ्याचे कारखाने आणि गोळीबाराची मैदाने यांची गोष्ट वेगळी. फ्रान्समध्ये व्हर्दंजवळ पहिल्या महायुद्धातील रासायनिक तोफगोळे जिथे जाळले, तिथली जागा आर्सेनिकमुळे आजही जवळजवळ उजाड आहे.

नांगरणीचा प्रश्न अधिक खोल आहे, आणि शब्दशः खोल आहे. जमीन ‘साफ’ झाली याचा अर्थ ठरवून दिलेल्या खोलीपर्यंत साफ झाली, एवढाच असतो. बहुतेक ठिकाणी ही खोली वीतभर किंवा त्याहून कमी असते. बैलांच्या किंवा म्हशींच्या नांगराने भात घेणाऱ्याला ती पुरते. पण पश्चिम कंबोडियात मोकळ्या झालेल्या रानात टॅपिओका, म्हणजे आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो ते पीक, मोठ्या प्रमाणावर घेतले जाते; त्यासाठी ट्रॅक्टरने खोल नांगरट होते आणि काढणीला कंद उपटावे लागतात. माणसांसाठीच्या सुरुंगांखेरीज रणगाडाविरोधी सुरुंगही पेरलेले असतात, आणि ते फुटायला शंभर किलोंहून अधिक दाब लागतो. त्यामुळे ज्या रानात माणसे आणि जनावरे वर्षानुवर्षे निर्धास्त वावरली, तिथे पहिल्यांदा ट्रॅक्टर शिरला आणि स्फोट झाला, असे अपघात कंबोडियात झालेले आहेत. म्हणून काम सुरू होण्याआधीच, या जमिनीत कोण, कोणत्या अवजाराने, काय पिकवणार हे विचारून खोली ठरवली पाहिजे, असे माझे मत आहे. साफ केलेल्या चौरस मीटरांची बेरीज जितक्या उत्साहाने जाहीर होते, तितक्या उत्साहाने ही चौकशी होताना दिसत नाही.

शिवाय शेतकरी वाट पाहत बसत नाही. सुरुंगवाले येईपर्यंत चार हंगाम जाणार असतील, तर तो स्वतःच कुदळ आणि काठी घेऊन रानात उतरतो. त्याला अडाणी म्हणणे सोपे आहे, पण कर्ज आणि पोट दोन्ही त्याच्या मागे लागलेले असतात. हीच पडीक जमीन साफ झाली की तिचा भाव चढतो आणि इतकी वर्षे तिच्याकडे न फिरकलेले हक्कदार उगवतात. ख्मेर रूजने खासगी मालकीच रद्द केली होती आणि सातबाऱ्यासारखे जमिनीचे दप्तर नष्ट झाले होते, त्यामुळे वहिवाट सिद्ध करणे गरिबाला फार जड जाते. सुरुवातीच्या वर्षांत साफ झालेल्या जमिनी वजनदार मंडळींनी बळकावल्याच्या तक्रारी झाल्या. त्यानंतर प्रांतपातळीवर नियोजन कक्ष नेमले गेले; कोणती जागा आधी साफ करायची आणि ती कोणत्या कुटुंबांच्या वापरासाठी, याची यादी ते गावात बसून आधीच करतात आणि काम संपल्यावर पुन्हा जाऊन ती कुटुंबेच ती जमीन कसतात का, हे पाहतात. ही यादी जिथे गावासमोर वाचली जाते तिथे ती टिकण्याची शक्यता अधिक असते. जिथे ती कार्यालयातच तयार होते, तिथे नांगर कुणी घालायचा हे शेतकऱ्याच्या हाती राहत नाही.