भारतावरच इतके दहशतवादी हल्ले का होतात? आपण मऊ आहोत म्हणून?

प्रश्नाखालच्या खुलाशात विचारणाऱ्याने लिहिलं आहे: "एखादा देश दहशतवाद्यांचं लक्ष्य का बनतो? आपण सोसत राहतो, देश मऊ आहे, म्हणूनच आपल्यावर हल्ले होतात ना?"

नाही. हे 'मऊ' प्रकरण मी तीस वर्षं माझ्या घरात ऐकतोय, म्हणून लिहायला बसलो.

मऊपणाच कारण असता तर अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१ ला जवळपास तीन हजार माणसं मेली नसती. रशिया तर ओलिसांची पर्वा न करता कारवाई करणारा देश म्हणून ओळखला जातो; तिथे २००४ मध्ये बेस्लानच्या शाळेत तीनशेहून जास्त बळी गेले, त्यात निम्म्याहून अधिक मुलं. इस्रायलइतकी जागती सीमा कुणाची नसेल, तिथे ७ ऑक्टोबर २०२३ ला एका दिवसात सुमारे बाराशे गेले. आपणही २०१६ ला नियंत्रण रेषा ओलांडली, २०१९ ला बालाकोटवर विमानं पाठवली, तरी २२ एप्रिल २०२५ ला पहलगामला २६ जणांना मारलंच. गरिबी हेही कारण नाही. अॲलन क्रूगर या अर्थतज्ज्ञाने हे आकडेवारीनिशी तपासलं होतं. हल्ला करणारे बहुधा उपाशी आणि अडाणी नसतात.

मग काय असतं? कुणाला तरी तो देश दुखवण्यात फायदा दिसावा लागतो. आपल्या बाबतीत शेजाऱ्याला तो दिसतो. १९७१ नंतर समोरासमोरच्या युद्धात आपल्याला हरवता येत नाही हे त्याला कळलं, आणि दहा पोरं पाठवणं एका रणगाड्याहून स्वस्त पडतं. दुसरं, आत एखादी जखम ओली असावी लागते. ६ डिसेंबर १९९२ ला बाबरी पडली, मुंबईत डिसेंबर-जानेवारीत दंगली झाल्या, श्रीकृष्ण आयोगाच्या हिशेबाने ९०० माणसं मेली, आणि मार्चमध्ये स्फोट झाले. दंगलीने स्फोटांचं समर्थन होत नाही. पण स्फोट घडवणाऱ्यांना माणसं कुठून मिळाली हे ती जखम सांगितल्याशिवाय सांगता येत नाही. तिसरं, बघणारे हवेत. मुंबईत मारलं की जग बघतं. २००८ मध्ये ताजसमोरचं थेट प्रक्षेपण कराचीत बसलेले सूत्रधार बघत होते आणि फोनवरून आतल्यांना सूचना देत होते. सर्वोच्च न्यायालयाने कसाबच्या निकालात वाहिन्यांना त्यावरून सुनावलंही आहे.

हे तिन्ही मुद्दे तुम्हाला कुठेही वाचायला मिळतील. चौथा मी माझ्या घरचा सांगतो.

मी श्रीवर्धन तालुक्यातला. गावाचं नाव सांगत नाही, पण शेखाडी आमच्यापासून लांब नाही. १९९२-९३ च्या थंडीत मी नववीत होतो. समुद्राला लागून आमची पोफळीची वाडी. अण्णा, म्हणजे माझे वडील, रोठा सुपारीचं सगळं बघायचे. माझा थोरला भाऊ मुंबईला दलाल स्ट्रीटवर एका शेअर दलालाच्या कचेरीत लागला होता.

किनाऱ्यावर रात्री 'माल' उतरतो हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. माल म्हणजे सोनं, चांदी, कधी घड्याळं. १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याने सोन्याचा धंदा आवळून धरला होता, बाहेरच्या आणि इथल्या भावात तफावत होती, आणि त्या तफावतीवर सगळी किनारपट्टी थोडीथोडी जगत होती. १९९० ला तो कायदा गेला तरी चांदी येतच राहिली. ओझी वाहणाऱ्याला एका रात्रीत जे मिळायचं ते वाडीत आठवडाभर राबून मिळत नसे. रात्री टेम्पोचा आवाज आला की ओटीवरचा दिवा मालवायचा आणि सकाळी कुणाला काही विचारायचं नाही. कोण कुणाला किती पोचवतो हेही लोक दबक्या आवाजात बोलायचे. यात कुणाला पाप वाटत नव्हतं. सरकारचा कर बुडतो, आपलं काय जातं, असा तो हिशेब.

त्या थंडीतल्या एका रात्री अण्णा उठून वाडीच्या गडग्यापाशी जाऊन उभे राहिले. मलाही जाग आली, मी त्यांच्या मागे गेलो. लांब पुळणीवर बॅटऱ्या हलत होत्या. नेहमीपेक्षा माणसं जास्त होती, एवढं मलाही कळलं. मी विचारलं, "अण्णा, काय आहे?" ते म्हणाले, "चांदी असेल. झोप जा."

ती तारीख कोणती, ती खेप कसली, आम्हाला आजवर ठाऊक नाही. खरंच चांदी असेल. पण दिघीला आणि शेखाडीला आरडीएक्स आणि बंदुका उतरल्या त्या त्याच जानेवारी-फेब्रुवारीत.

१२ मार्चला शुक्रवार होता. शेअर बाजाराच्या तळघरात दीडच्या सुमाराला पहिला स्फोट झाला, मग पुढच्या दोनेक तासांत शहरभर एकामागून एक. २५७ माणसं मेली. आम्हाला संध्याकाळी रेडिओवरून कळलं. गावात एक फोन, तो पोस्टात, आणि पोस्ट बंद. आई रात्रभर देवापुढे बसून होती. अण्णा पहाटेच्या एस.टी.ने निघाले, आणि दादा त्यांना दुसऱ्या दिवशी एका इस्पितळाच्या वऱ्हांड्यात सापडला. समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर खिडकीशी बसला होता तो. काचा अंगावर आल्या, गाल फाटला, आणि डावा कान कायमचा गेला. त्याच्या शेजारच्या टेबलावरचा माणूस जेवायला खाली उतरला होता, तो गेला.

पुढे पेपरात आलं की स्फोटकं कुठे उतरली. दादाच्या कानापर्यंत पोचलेला तो स्फोट आमच्या पुळणीवरून गेला असू शकत होता. अण्णांनी तो पेपर घडी करून फळीवर ठेवला आणि वाडी शिंपायला गेले. त्या दिवशी ते अंधार पडेपर्यंत घरात आले नाहीत.

मे महिन्यात दादा गावी आला. जेवणं झाल्यावर त्याने सरळ विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?" अण्णा म्हणाले, "चांदी असायची रे." दादा सकाळच्या पहिल्या एस.टी.ने परत गेला. नंतर तो सणावाराला यायचा, पण अण्णांशी कामापुरतं बोलायचा. अण्णा २०११ ला गेले, तोवर असंच चाललं.

माझ्यासमोर मात्र त्याची टेप चालू असायची: देश मऊ आहे, दणका दिला असता तर कुणाची हिंमत झाली नसती. मी म्हणायचो, दादा, दणका कुणाला द्यायचा ते नंतर बघू, आधी माल आत कसा आला ते बघ. खटल्यात काय निघालं? वाटेत पोलिसांनी माल अडवला होता. अडवला, आणि पैसे ठरवून सोडला. टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखालच्या न्यायालयाने ज्या १०० जणांना दोषी धरलं त्यांत कस्टम्सचे अधिकारी होते, पोलीस होते. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या दोन्ही खात्यांवर कडक ताशेरे ओढले. त्या वाटेवरच्या बहुतेकांनी आपण देश विकतोय असं समजून पैसे घेतले नसतील. चांदी म्हणूनच घेतले असतील. मला भीती त्याचीच वाटते. चांदीसाठी वर्षानुवर्षं रुळलेली वाट, तिच्यावरची ओळखीची माणसं, ठरलेले दर, सगळं तयार होतं. हल्ला करणाऱ्याला नवीन काही उभारावंच लागलं नाही. फक्त पोत्यातली वस्तू बदलली.

म्हणून कुठलाही देश लक्ष्य का होतो याचं माझं उत्तर असं आहे: शत्रू सगळ्यांनाच असतात, पण जिथे अशी तयार वाट मिळते तिथे ते पुन्हा पुन्हा येतात. तुम्ही दुसऱ्यासाठी केलेल्या वाटाही यात धरा. १९८० च्या दशकात आपण श्रीलंकेतल्या तमिळ गटांना इथे प्रशिक्षण दिलं, आणि २१ मे १९९१ ला श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधी त्यांच्यातल्याच एका गटाच्या हातून मारले गेले. पाकिस्तानने शेजाऱ्यांसाठी पोसलेली प्रवृत्ती डिसेंबर २०१४ मध्ये पेशावरच्या शाळेत घुसली, आणि शंभराहून जास्त मुलं मारून गेली.

दादा म्हणतो, २००८ ला कुणी लाच घेतली? बरोबर आहे त्याचं. २६ नोव्हेंबरला दहा जण आले ते 'कुबेर' ही आपलीच मासेमारीची बोट ताब्यात घेऊन, आणि मग रबरी होडीतून बधवार पार्कला उतरले. तिथे लाच नव्हती, ढिलाई होती. पण एक गोष्ट मी त्याला दर वेळी सांगतो: तिथल्या कोळ्यांनी त्या पोरांना हटकलं होतं. कोण तुम्ही, कुठून आलात, असं विचारलं होतं. त्यांनी विचारलं. आम्ही नव्हतं विचारलं.

त्यानंतर किनाऱ्यावर बरंच बदललं. बोटींची नोंदणी कडक झाली, मच्छीमारांना ओळखपत्रं आली, सागरी पोलीस ठाणी वाढली, 'सागर कवच'ची तालीम होते. संशयास्पद काही दिसलं तर १०९३ ला फोन करता येतो. मी स्वतः एकदा रात्री दीड वाजता केला आहे. निघाली ती भरकटलेली बोट, इंजिन बंद पडलेली. फोन उचलणाऱ्याने मला वेड्यात काढलं नाही, "बरं केलंत" म्हणाला. हे तीन शब्द १९९३ ला कुणी अण्णांना म्हणालं असतं का, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मला वाटतं, नसतं म्हणालं. अण्णा भित्रे नव्हते. सांगायचं कुणाला, हा त्यांच्यापुढचा खरा प्रश्न होता, कारण ज्याला सांगायचं त्याचाच वाटा ठरलेला असल्याची गावात बोलवा होती. नागरिकांनी सतर्क राहावं अशी भाषणं देणाऱ्यांनी आधी याचं उत्तर द्यावं.

आता दोन गोष्टी आधीच लिहायला हव्या होत्या त्या. सगळे हल्ले असे नसतात. नॉर्वेत २२ जुलै २०११ ला ७७ माणसं मारणारा तिथलाच, एकटा. त्याला ना शेजारी राष्ट्राची गरज पडली, ना कुणाच्या वाटेची. आणि प्रत्युत्तर देऊच नये असं मी म्हणत नाही. ते कधी द्यावंच लागतं. माझं भांडण एवढंच की त्याने आतली वाट बुजत नाही. तसंच, गुन्हेगार पकडल्याचा देखावा म्हणजे वाट बुजवणंही नव्हे. ११ जुलै २००६ ला पश्चिम रेल्वेच्या सात गाड्यांत स्फोट झाले. २०१५ ला बारा जणांना शिक्षा झाली, आणि जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने त्या बाराही जणांना निर्दोष ठरवलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलंय. एकोणीस वर्षांनीही ते बॉम्ब कुणी ठेवले हे ठामपणे सांगता येत नसेल, तर ठेवणाऱ्याने यातून काय शिकावं?

दादाच्या 'मऊ देशा'बद्दल मला इतक्या वर्षांनी एक कळलंय. त्याला देशावर रागावणं सोपं जातं, कारण अण्णांवर रागावून झालं आणि त्यातून काही मिळालं नाही. तो समजतो की त्या रात्री गडग्यापाशी अण्णा एकटे होते. मीही होतो. "चांदी असेल" हे मी माझ्या कानांनी ऐकलं आणि जाऊन झोपलो, आणि पुढेही कुणाला बोललो नाही, स्फोटांनंतर सगळं पेपरात आलं तेव्हासुद्धा नाही. अण्णांनी माझं नाव त्याच्यापुढे कधी घेतलं नाही.

शिमग्याला तो येतोय. त्याच्या उजव्या बाजूला बसून सांगणार आहे.