जुन्या गाडीत दोष निघाला, तर दाद कुठे मागावी?

प्रश्न : पुण्यातील एका जुन्या मोटारींच्या व्यापाऱ्याकडून मी २०१७ सालची डिझेल गाडी ४ लाख ६० हजार रुपयांना घेतली. गाडी ५८ हजार किलोमीटर चालली आहे आणि ‘इंजिन, गिअरबॉक्स एकदम ठणठणीत’ आहेत, असे त्यांनी व्हॉट्सॲपवर लिहून पाठवले होते. पाचव्या आठवड्यात तिसरा गिअर पडेनासा झाला. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नेल्यावर तिथल्या नोंदीत याच गाडीचे २०२२ मध्येच १ लाख १२ हजार किलोमीटर झालेले दिसले. व्यापारी मात्र पावतीवरच्या ‘आहे त्या स्थितीत विक्री, नंतर तक्रार चालणार नाही’ या ओळीकडे बोट दाखवतात. जुन्या गाडीला ग्राहक कायदा लागू होतो का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : होतो. वस्तू नवीच असली पाहिजे, अशी अट ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये नाही. पुन्हा विकण्यासाठी किंवा व्यापारी कामासाठी नव्हे, तर स्वतःच्या वापरासाठी पैसे देऊन वस्तू घेणारा प्रत्येक जण ग्राहक आहे.

अर्थात जुन्या गाडीतला प्रत्येक बिघाड कायद्याच्या दृष्टीने दोष ठरत नाही. क्लचप्लेट, ब्रेक, टायर, बॅटरी यांची झीज गाडीच्या वयाबरोबर येतेच आणि किमतीत ती धरलेली असते. तुमची बाजू भक्कम होते ती वेगळ्या कारणाने. व्यापाऱ्याने वस्तूविषयी जो दावा केला त्या दर्जाला ती उतरत नसेल, तर तीही ‘दोष’ या व्याख्येत बसते. म्हणून तक्रारीत गिअरबॉक्सच्या आधी किलोमीटरचा मुद्दा मांडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘मीटर आधीच्या मालकाने मागे फिरवला असेल, आम्हाला ठाऊक नव्हते’ असा बचाव बहुधा येईल. फसवणुकीच्या फौजदारी तक्रारीत तो महत्त्वाचा ठरू शकतो. परंतु सांगितलेला आकडा खोटा होता, ही वस्तुस्थिती त्याने बदलत नाही.

पावतीवरच्या ओळीला घाबरून हक्क सोडू नका, मात्र ती निरर्थक आहे असेही समजू नका. माल विक्री अधिनियम, १९३० नुसार त्या प्रकारच्या मालाचाच व्यापार करणाऱ्याकडून वर्णनावरून घेतलेला माल विक्रीयोग्य दर्जाचा असावा, ही अट न लिहिताही लागू असते. पाहणीत सहज दिसू शकले असते असे दोष मात्र तिच्यातून वगळलेले आहेत. अशी न लिहिलेली अट उभय पक्षांना स्पष्ट कराराने बाजूला ठेवता येते आणि व्यापारी त्याचाच आधार घेत आहेत. पण त्यांनी स्वतः लिहून दिलेले विधान खोटे ठरले, तर त्याची जबाबदारी अशा छापील ओळीने सहसा टळत नाही.

आता सर्वांत निकडीची गोष्ट : गाडी आत्ताच उघडू देऊ नका. बहुतेक तक्रारी इथेच कमकुवत होतात, कारण दुरुस्ती झाल्यावर मूळ दोष दाखवायला काही उरत नाही. सर्व्हिस सेंटरकडून तारीख, मीटरवरचा आकडा, दोष आणि त्याचे संभाव्य कारण लिहिलेले जॉब कार्ड सही-शिक्क्यानिशी घ्या आणि जुन्या सर्व्हिसच्या नोंदींची प्रत मागा. व्हॉट्सॲपचे संदेश ज्या फोनवर आले तो फोनही जपा. त्यानंतर व्यापाऱ्याला स्पीड पोस्टाने नोटीस पाठवून १५ दिवसांत गाडी तपासण्याची संधी द्या आणि काय हवे ते लिहा : गाडी परत घेऊन रक्कम व्याजासह, किंवा ते शक्य नसल्यास दुरुस्तीचा खर्च आणि किमतीतला फरक.

नोटिशीला दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. पण तिथे केवळ समेट घडवण्याचा प्रयत्न होतो, आदेश देण्याचा अधिकार आयोगालाच आहे. तुम्ही साताऱ्यात राहता, तेव्हा साताऱ्याच्याच जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करू शकता, पुण्याला खेपा घालण्याची गरज नाही. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असल्याने शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांची आहे. निकालाला कायद्याने सुचवलेल्या ३ ते ५ महिन्यांपेक्षा बराच जास्त वेळ लागू शकतो. तेवढे दिवस गाडी उभी ठेवणे परवडणार नसेल, तर नोटिशीची मुदत संपल्यावर दुरुस्ती करून घ्या, परंतु काढलेले भाग भंगारात देऊ नका. आयोग ते तपासणीसाठी पाठवू शकतो.

आणखी एक गोष्ट पाहा. नोंदणीकृत वाहनांच्या व्यापाऱ्यांना १ एप्रिल २०२३ पासून आरटीओकडून अधिकारपत्र घेण्याची तरतूद लागू झाली आहे. ते या व्यापाऱ्याकडे नसल्यास आरटीओकडेही लेखी कळवा.

प्रश्न : मी जाहिरात पाहून ठाण्यातील एका गृहस्थांकडून थेट गाडी घेतली. ‘गाडी कधीच पाण्यात गेलेली नाही,’ असे त्यांनी मेसेजवर कळवले होते. आता मेकॅनिकला सीटखाली गाळ आणि वायरिंगच्या जोडांवर गंज सापडला आहे. मीही ग्राहक आयोगात जाऊ शकतो का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : सर्वसाधारणपणे नाही. स्वतःची एखादी गाडी विकणारा माणूस व्यापारी नसतो, त्यामुळे तुमचा मार्ग दिवाणी न्यायालयाचा आहे. जुलै २०२१ चा पूर पाहिलेल्या चिपळूणकरांना अशा गाडीची अवस्था वेगळी सांगायला नको.

भारतीय करार अधिनियम, १८७२ प्रमाणे नुसते गप्प राहणे ही सहसा फसवणूक होत नाही. पण खोटे आहे हे माहीत असून एखादी गोष्ट खरी म्हणून सांगणे ही फसवणूकच आहे आणि अशा संमतीवर झालेला करार तुम्ही रद्द करू शकता. ‘घेण्यापूर्वी तपासायला हवे होते’ हा आक्षेप जाणूनबुजून सांगितलेल्या खोट्यापुढे टिकत नाही. त्यांना ते माहीत होते, हे सिद्ध करण्याचा भार मात्र तुमच्यावर आहे. त्यासाठी जुन्या विमा पॉलिसीवर पुराचा दावा झाला होता का, हे शोधा. न्यायालय विमा कंपनीकडून ती कागदपत्रे मागवू शकते.

फसवणूक कळल्यानंतरही गाडी आपली मानून वापरत राहिलात, तर सौदा मान्य केल्याचा अर्थ काढला जाऊ शकतो. म्हणून सौदा रद्द करायचा असल्यास लगेच लेखी कळवा आणि गाडी वापरणे थांबवा. गाडी ठेवून केवळ नुकसानभरपाई हवी असेल, तर त्याच पत्रात तसे स्पष्ट लिहा.