काळी मादी, पांढरा नर, तरी पिल्लं तपकिरी कशी?

तुमच्या सशांमधल्या काळ्या मादीला लाल डोळ्यांच्या पांढऱ्या नरापासून ७ पिल्लं झाली: ४ तपकिरी, ३ पांढरी, काळं एकही नाही. नर विकणाऱ्यानं फसवलं का, असं तुम्ही विचारलंय. नाही, त्याला दोष देऊ नका.

लाल डोळ्यांचा पांढरा हा रंगच नव्हे, रंगावर टाकलेली चादर आहे. पांढऱ्याचं जनुक आई-बाप दोघांकडून आलं की रंगद्रव्य तयार होत नाही आणि खाली काय दडलंय ते बाहेरून कळत नाही. तुमच्या नराच्या चादरीखाली रानसशाचा रंग आहे. तपकिरी पिल्लाच्या पाठीवर फुंकर मारा. केसांवर गडद-फिकट पट्ट्यांची गोल कडी दिसतील. हा रंग काळ्यावर प्रभावी असतो, एकाच पालकाकडून आला तरी पुरतो.

३ पांढरी झाली, म्हणजे काळ्या मादीकडेही पांढऱ्याचं एक जनुक लपलंय. नराकडे काळ्याचंही जनुक असतं, तर चारही रंगीत पिल्लं तपकिरीच निघायची शक्यता १६ मध्ये १. म्हणून माझी पैज अशी की त्याच्याकडे रानरंगाचीच दोन्ही जनुकं आहेत. पुढच्या वेतात एक जरी काळं आलं, तरी मी हरलो!

यातलं तपकिरी पिल्लू मोठं झाल्यावर अशाच वंशाच्या (पण सख्ख्या नव्हे) तपकिरी जोडीदाराशी लावलंत, तर सरासरी १६ मागे ९ तपकिरी, ३ काळी, ४ पांढरी. एका वेतात हा हिशोब जुळेलच असं नाही. वहीत दोनचार वेतांची नोंद झाली की मग जुळायला लागतो.

माझ्याकडे काळ्या-काळ्याच्या जोडीला दोन राखी पिल्लं झाली, तेव्हा कुठला तरी परका नर पिंजऱ्यात शिरला असणार म्हणून मी कड्या तपासत बसलो होतो. रंग फिका करणारं जनुक दोघांकडे एकेक होतं, एवढंच.

ठिपकेवाले मात्र एकमेकांत लावू नका. साधारण चौथा हिस्सा पिल्लं जवळजवळ पांढरी, मोजक्याच ठिपक्यांची निघतात आणि त्यातल्या काहींना मोठ्या आतड्याचा त्रास होतो. ठिपकेवाला एकरंगीशी लावा. निम्मी पिल्लं तरीही ठिपक्यांची येतात.