पिन लावली म्हणजे सीट सुरक्षित झाली का?

प्रश्न : लढाऊ वैमानिकांच्या प्रशिक्षण विमानात दोन इजेक्शन सीट, म्हणजे संकटात वैमानिकाला आपल्यासकट विमानाबाहेर फेकणारी आसने, असतात. विमान जमिनीवर उभे असताना त्यांतली एखादी अवचित उडू शकते का? आणि एकाने हँडल ओढले, तर दुसऱ्याचे काय होते?

उत्तर : उडू शकते. आजच्या बहुतेक सीट शून्य उंची आणि शून्य वेग असतानाही वैमानिकाला वाचवता यावे अशा बनवलेल्या असतात, त्यामुळे विमान आकाशात आहे की धावपट्टीवर, याच्याशी सीटला काही कर्तव्य नसते. मांड्यांच्या मध्ये असलेले काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे हँडल ओढले की काडतुसे पेटून सीट वर फेकली जाते आणि पाठोपाठ तळातले रॉकेट पेटते. म्हणूनच विमान उभे असताना या हँडलमध्ये सेफ्टी पिन असते. वैमानिक पट्टे बांधून झाल्यावर, उड्डाणापूर्वी ती काढून ठरलेल्या खाचेत ठेवतो आणि उतरल्यावर पुन्हा जागेवर लावतो.

मात्र पिन दिसली म्हणजे काम झाले, असे मानणे घातक ठरते. नोव्हेंबर २०११ मध्ये ब्रिटनमधील स्कॅम्प्टन हवाई तळावर हॉक या प्रशिक्षण विमानाची सीट जमिनीवरच उडाली आणि वैमानिकाचा मृत्यू झाला. हँडल आपल्या जागेवरून थोडे सरकलेले होते, तरीही पिन त्यात बसत होती, त्यामुळे पाहणाऱ्याला सारे ठीकच वाटले. एवढ्यावरही तो वाचला असता, कारण ती सीट शून्य-शून्य क्षमतेचीच होती. पण पॅराशूट बाहेर ओढण्यासाठी जी कडी सुटायला हवी होती, तिचा बोल्ट गरजेपेक्षा जास्त आवळलेला असल्याने ती अडकली आणि मुख्य पॅराशूट उघडलेच नाही. सैल बोल्टची धास्ती सगळ्यांनाच असते, घट्ट बोल्टवर सहसा कोणी संशय घेत नाही. म्हणून पिन आहे का, एवढेच पाहून न थांबता हँडल खोबणीत पूर्ण बसले आहे का, हेही तपासावे लागते.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे. दोघांनी बाहेर पडायचे असेल, तर साधारणपणे मागची सीट आधी जाते आणि काही दशांश सेकंदांनी पुढची. क्रम उलटा झाला, तर पुढच्या सीटच्या रॉकेटची ज्वाळा मागच्या कॉकपिटवर येईल. एकाने हँडल ओढल्यावर दोघेही बाहेर फेकले जावेत की ओढणाराच, हे अनेक विमानांत एका कळीने ठरवता येते. प्रशिक्षक सोबत असताना त्याने दोघांना बाहेर काढणे योग्यच असते, कारण गोंधळलेला प्रशिक्षणार्थी निर्णयाला उशीर लावू शकतो. पण मागे कोणी नवखा पाहुणा बसला असेल, तर त्याच्या घाबरल्या हाताने पुढच्या वैमानिकालाही बाहेर फेकू नये, म्हणून ती कळ तशी फिरवून ठेवतात आणि ती कोणत्या स्थितीत आहे, हे दोघेही उड्डाणापूर्वी मोठ्याने उच्चारून पडताळतात.