गेमबॉय थांबू द्या, आधी चिप-८

ताई, बडोद्याच्या दांडिया बाजारहून आलेलं तुमचं पत्र वाचलं. मुलगा डिप्लोमा कॉम्प्युटरच्या चौथ्या सेमिस्टरला आहे, रात्र-रात्र जागून गेमबॉयचा एम्युलेटर (त्या जुन्या हातातल्या गेम मशीनची कॉम्प्युटरवर नक्कल करणारा प्रोग्रॅम) लिहितो आणि स्क्रीन अजून काळीच. हे करू द्यावं का, यातून नोकरी लागते का, असं तुम्ही विचारलंय.

करू द्या. फक्त त्याने सुरुवात चुकीच्या ठिकाणी केलीय. गेमबॉयच्या प्रोसेसरला जवळपास ५०० ऑपकोड (हुकमांचे संकेत), वर टायमिंगची भानगड. स्क्रीन काळी राहिली तर चूक कुठे शोधायची? त्याला चिप-८ घ्यायला सांगा. १९७०च्या दशकात आरसीए कंपनीच्या कॉस्मॅक व्हीआयपी या छोट्या कॉम्प्युटरवर चालणारी ही इंटरप्रीटर भाषा. ४०९६ बाइट मेमरी, १६ रजिस्टर (आकडे ठेवायचे छोटे कप्पे), ६४ बाय ३२ ठिपक्यांची स्क्रीन आणि जेमतेम ३५ इन्स्ट्रक्शन (हुकूम).

पुढचं त्यालाच वाचायला द्या. प्रोग्रॅम मेमरीत हेक्स (सोळाच्या पायाच्या मोजणीतल्या) २०० पासून भरायचा. इन्स्ट्रक्शन दोन बाइटची, मोठा बाइट आधी. इथे उलटापालट झाली तर पुढचं सगळंच कचरा. आधी सहाच इन्स्ट्रक्शन लिही: स्क्रीन पुसणं, जंप, रजिस्टरमध्ये आकडा भरणं, त्यात मिळवणं, आय रजिस्टर (मेमरीतला पत्ता धरणारं) लावणं, स्प्राइट (छोटं चित्र) काढणं. एवढ्यावर आयबीएम लोगोची टेस्ट फाइल चालते. लोगो दिसल्याशिवाय सातवी लिहू नकोस. बेरीज-वजाबाकीत उत्तर आधी, व्हीएफ रजिस्टरमधला फ्लॅग (हातचा-उसन्याची खूण) नंतर. वजाबाकीत तर लॅबमधल्या ८०८५ प्रोसेसरच्या सवयीने हमखास फसशील: तिथे बॉरो (उसना) आला की कॅरी १, इथे बॉरो नसेल तर व्हीएफ १. आणि टायमर सेकंदाला ६० वेळा उतरतो, प्रत्येक इन्स्ट्रक्शनला नाही. इन्स्ट्रक्शन सेकंदाला ७००च्या आसपास ठेव.

हे झालं की ८०८५. लॅबमधल्या किटवर उत्तर ताडून बघता येतं, हा मोठाच फायदा. ०९ आणि ०८ची बेरीज हेक्स ११. डीएए (उत्तर दशमान आकड्यांत बसवणारी इन्स्ट्रक्शन) चालल्यावर १७ यायला हवेत. ११च राहिले तर ऑक्झिलरी कॅरी (खालच्या चार बिटांतून वर जाणारा हातचा) सांभाळायचा राहिलाय.

आता नोकरीचं. निव्वळ एम्युलेटर लिहायला ठेवणाऱ्या कंपन्या विरळा. पण फर्मवेअर, चिप व्हेरिफिकेशन, कंपायलर या कामांना हीच समज लागते. (गुजरातमधल्या साणंदच्या चिप कारखान्याची स्वप्नं त्याने यावर रंगवू नयेत, तिथलं काम पॅकेजिंग-टेस्टिंगचं, वेगळं.) डी-टू-डीने, म्हणजे डिप्लोमातून डिग्रीला जायचं तर डीडीसीईटी या प्रवेश परीक्षेचे गुण मोजतात, प्रोजेक्ट नाही. त्यामुळे हे काम शनिवार-रविवारी, आणि परीक्षेच्या महिन्यात पूर्ण बंद.

गिटहब या कोड ठेवायच्या वेबसाइटवर कोड टाकताना सोबत टेस्टचे निकालही ठेवावेत. इंटर्नशिपच्या मुलाखतीत त्यावरच बोलणं होतं. विकत मिळणाऱ्या गेमच्या फाइल मात्र तिथे चढवू नयेत, तो सरळ कॉपीराइटचा भंग होतो.