पगचा डोळा पुन्हा पुन्हा का येतो?

प्रश्न : आमच्या ६ वर्षांच्या पग जातीच्या कुत्र्याचा उजवा डोळा तीन महिन्यांत तिसऱ्यांदा आला आहे. सकाळी पापण्या हिरवट चिपडांनी चिकटलेल्या असतात. प्रतिजैविक थेंबांनी चार दिवस बरे वाटते, मग पुन्हा तेच. परवा आजींच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर उरलेले थेंब टाकले. हा संसर्ग घरातल्या लहान मुलाला होईल का?

उत्तर : माणसांत जशी डोळे येण्याची साथ पसरते, तशी कुत्र्यांत सहसा पसरत नाही. त्यांच्या डोळ्यात पू दिसतो तेव्हा जंतू बहुधा मागाहून शिरलेले असतात आणि बिघाड आधीचा असतो. थेंबांनी जंतू हटतात, पण मूळ कारण जागेवरच राहते. कधी ते पापणीआड रुतलेले गवताचे कुसळ असते, कधी आत वळलेली पापणी, तर पगमध्ये नाकावरच्या घडीचे केसही बुबुळाला घासत राहतात.

तुमच्या वर्णनावरून मला पहिला संशय कोरड्या डोळ्याचा येतो. अश्रू कमी पडले की बुबुळाची चकाकी जाते आणि दोरीसारखा ताणला जाणारा चिकट स्राव साठतो. याची तपासणी सोपी आहे. कागदाची पट्टी खालच्या पापणीत एक मिनिट अडकवतात. ती १५ मिलिमीटर किंवा अधिक भिजली तर अश्रू पुरेसे असतात, १० मिलिमीटरही भिजली नाही तर निदान जवळपास ठरतेच. त्यावर सायक्लोस्पोरीनचे मलम दिवसातून दोनदा लावतात. त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि ते बहुधा जन्मभर चालू ठेवावे लागते, हे आधीच सांगितलेले बरे, कारण डोळा स्वच्छ दिसू लागला की मलम बंद करण्याचा मोह बहुतेकांना होतो.

मला खरी काळजी आजींच्या थेंबांची वाटते. अशा थेंबांत बहुधा स्टिरॉइड असते. बुबुळावर जखम असताना ते पडले तर जखम भरण्याऐवजी खोल जाते आणि बुबुळाला भोकही पडू शकते. म्हणून डॉक्टर आधी डोळ्यात रंगद्रव्य घालून निळ्या प्रकाशात पाहतात. जखम असेल तेथे हिरवा ठिपका चमकतो. ही तपासणी होईपर्यंत ते थेंब बंदच ठेवावेत. कुत्रा डोळा मिटून घेत असेल, पंजाने चोळत असेल किंवा बुबुळ निळसर-पांढरे दिसत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

मुलाची भीती नको. कोरडा डोळा संसर्गजन्य नाही, मात्र पू पुसल्यावर हात साबणाने धुवावेत. उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने चिपडे पुसावीत आणि प्रत्येक डोळ्यासाठी वेगळा बोळा घ्यावा. तपासणीला नेण्यापूर्वी काही तास मात्र डोळ्यात काहीही घालू नये, नाहीतर पट्टीवरचा आकडा फसवा येतो. आजींच्या थेंबांची बाटली तेवढी डॉक्टरांना दाखवायला सोबत न्यावी.